चमचचोच तुतवार आणि त्याचे साक्षीदार

ऑक्टोबर २०११. चीनच्या च्यांग्सू प्रांतातला रुदोंगचा किनारा. ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलावर हजारो किनारपक्षी चरत होते आणि काही चिनी पक्षीनिरीक्षक त्या गर्दीतला एकेक पक्षी दुर्बिणीतून तपासत होते. त्यांनी एकाच जातीचे १०३ पक्षी मोजले. आकडा किरकोळ वाटेल. पण त्या सुमारास जगात या जातीच्या जेमतेम १२० ते २०० जोड्या उरल्याचा अंदाज होता. म्हणजे जगातल्या चमचचोच तुतवारांचा फार मोठा वाटा या एका किनाऱ्यावर थांबत होता. त्याच किनाऱ्यावर भराव घालून जमीन मिळवण्याचे काम जोरात सुरू होते.

ती मोजणी त्या निरीक्षकांच्या वह्यांतच राहिली असती, तर रुदोंगचा चिखल सरकारी नकाशावर पडीक जागाच राहिला असता. त्यांनी ती इतरांना सांगितली आणि पुढच्या वर्षांत पुन:पुन्हा मोजणी झाली. त्या माहितीमुळे या किनाऱ्याकडे पाहण्याची जगाची दृष्टी बदलली. पक्षी दिसणे हा एका माणसाचा आनंद असतो. त्या दर्शनाचे ज्ञान कसे होते आणि त्या ज्ञानातून एखादी जात कशी सावरते, हे या चिमुकल्या पक्ष्याच्या बाबतीत फार स्पष्टपणे पाहता येते.

पक्षी आणि त्याची वाट

चमचचोच तुतवार लांबीला १४ ते १६ सेंटिमीटर, म्हणजे जवळपास चिमणीएवढाच. वजन साधारण ३० ग्रॅम. चोचीचे टोक चमच्यासारखे पसरट, आणि हा पसरटपणा अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लातही दिसतो. पातळ चिखलात चोच खुपसून, ती पुढे रेटत आणि डावी-उजवीकडे हलवत तो बारीक किडे, कोळंबीसारखे जीव वेचतो. कार्ल लिनियसने १७५८ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले. आज त्याचे शास्त्रीय नाव कॅलिड्रिस पिग्मिया असे आहे.

रशियाच्या ईशान्य टोकाला, चुकोत्का आणि कामचात्काच्या उत्तर भागात, समुद्रालगतच्या टुंड्रात तो घरटे करतो. बर्फ वितळल्यावर जूनमध्ये जमिनीवरच्या खळग्यात मादी साधारण चार अंडी घालते. पिल्ले बाहेर आली की मादी लवकरच दक्षिणेची वाट धरते आणि नर पिल्लांना सांभाळतो. महिन्याभरात नरही निघतो. मग पिल्लेही निघतात, कोणी वाट दाखवायला नसताना. चीन आणि कोरियामधल्या पीत समुद्राच्या किनाऱ्यावर मुक्काम करत हे पक्षी म्यानमार, बांगलादेश, थायलंड, व्हिएतनाम, दक्षिण चीन अशा ठिकाणी हिवाळ्यासाठी पोहोचतात. सगळ्यात लांबचा प्रवास सुमारे ८,००० किलोमीटरचा भरतो. भारतातही बंगाल, ओडिशा आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यांवर त्याच्या तुरळक नोंदी आहेत.

एवढ्या लांब वाटेवर मध्ये एकच टप्पा तुटला तरी सगळा प्रवास कोलमडतो. चिखलातल्या अन्नावर पक्षी अंगात चरबी साठवतो आणि त्या चरबीवर पुढची झेप घेतो. टप्पा नाहीसा झाला की पुढच्या झेपेचे इंधनच संपते. म्हणून स्थलांतर करणाऱ्या पाणपक्ष्याचे रक्षण एका देशाला एकट्याने करताच येत नाही. चुकोत्कात घरटे सुरक्षित असले आणि म्यानमारात जाळे लागलेले असले, तर चुकोत्कातले श्रम वाया जातात.

ओळखणे अवघड, मोजणे त्याहून अवघड

विणीच्या काळात याचे डोके-मान तांबूस असते. हिवाळ्यात मात्र पाठ राखी, पोट पांढरे. नेमक्या त्याच आकाराचे, त्याच रंगाचे हजारो टिलवे त्याच चिखलावर त्याच्यासोबत चरतात. चोच बाजूने पाहिली तर चमचा दिसत नाही. ती चिखलात असली तरी दिसत नाही. पक्षी समोरासमोर वळावा लागतो. म्हणून अनुभवी निरीक्षक आधी चोच शोधत नाहीत, चाल शोधतात. टिलवा भराभर टोच्या मारतो. तुतवार चोच चिखलात ठेवूनच पुढे सरकतो. त्याचा चेहरा आणि छाती टिलव्यापेक्षा अधिक पांढरीशुभ्र दिसते.

भरती-ओहोटीमुळे काम आणखी कठीण होते. ओहोटीला पक्षी कित्येक किलोमीटर आत, समुद्राच्या कडेला पांगतात. भरती चढू लागली की पाण्यासोबत मागे सरकतात आणि शेवटी थोड्याशा कोरड्या जागेवर दाटीवाटीने उभे राहतात. मोजणीची खरी वेळ हीच. उधाणाच्या तारखा पाहून, पाणी चढण्याआधी जागा धरून, सूर्य पाठीशी ठेवून निरीक्षक बसतात. तास-दोन तासांत पाणी उतरू लागते आणि थवा पुन्हा विखुरतो. किनाऱ्यावर दोन-तीन ठिकाणी माणसे असली तर त्यांनी एकाच वेळी मोजावे लागते, नाहीतर उडून दुसरीकडे बसलेला थवा दोनदा मोजला जातो. एका माणसाच्या हौसेने हे काम होत नाही. त्याला ठरवून एकत्र आलेली माणसे लागतात.

आकडे कशामुळे घसरले

१९७०च्या दशकात रशियन अभ्यासकांनी या जातीच्या २,००० ते २,८०० जोड्या असाव्यात असा अंदाज केला होता. २००० सालाच्या आसपास तो हजाराच्या खाली आला. २००२ ते २००९ या काळात घट दरवर्षी सुमारे २६ टक्के होती. २००८ साली आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेने ही जात ‘अतिसंकटग्रस्त’ ठरवली.

कारणे दोन होती आणि दोन्ही वेगवेगळ्या देशांत होती. पहिले कारण चिखलाची मैदाने नाहीशी होणे. पीत समुद्राच्या काठची भरती-ओहोटीची मैदाने पाच दशकांत जवळपास दोन-तृतीयांश संपली. दक्षिण कोरियात सेमांगुम इथे सुमारे ३३ किलोमीटर लांबीची समुद्रभिंत बांधण्यात आली आणि एप्रिल २००६मध्ये तिचे शेवटचे तोंड बंद झाले. इथले पक्षी शेजारच्या किनाऱ्यांवर जातील, असे तेव्हा सांगितले जात होते. कोरियातल्या आणि ऑस्ट्रेलियातल्या निरीक्षकांनी २००६ ते २००८ अशी तीन वर्षे सेमांगुम आणि आसपासच्या किनाऱ्यांवर एकत्र मोजणी केली. सेमांगुममधले पक्षी घटले, शेजारी तेवढी वाढ झाली नाही. हे पक्षी कुठेही गेले नव्हते, ते कमी झाले होते. मोजणी नसती तर ‘जातील कुठेतरी’ हे वाक्य खोडून काढता आले नसते.

दुसरे कारण बराच काळ कोणालाच दिसले नव्हते. विणीच्या जागा बऱ्यापैकी शाबूत होत्या, तिथे मोठे पक्षी परतत होते, पण नवे पक्षी येत नव्हते. मग तरुण पक्षी जात होते कुठे?

म्यानमारचा चिखल

जानेवारी २००८मध्ये अभ्यासकांची एक तुकडी म्यानमारच्या किनाऱ्यावर पोहोचली. अराकानच्या किनाऱ्यावर आणि मोत्तमाच्या आखातात मिळून ८४ तुतवार त्यांना दिसले. त्याआधी या जातीचा हिवाळी मुक्काम नेमका कुठे असतो, हेच धड ठाऊक नव्हते. पुढच्या पाहण्यांत मोत्तमाचे आखात हेच या जातीचे सर्वांत मोठे हिवाळी ठिकाण असल्याचे उघड झाले. त्यासोबत दुसरी गोष्टही कळली. तिथले गरीब कोळी आणि शेतकरी मोठ्या किनारपक्ष्यांसाठी चिखलावर जाळी लावत. त्यांना हव्या असलेल्या पक्ष्यांसोबत हा लहानगा तुतवारही अडकत होता.

आता चुकोत्कातले कोडे सुटले. या जातीचे तरुण पक्षी पहिल्या वर्षी उत्तरेला परतत नाहीत, उन्हाळाभर दक्षिणेच्या किनाऱ्यावरच राहतात. मोठा पक्षी जाळ्यांच्या प्रदेशात काही महिने असतो, तर तरुण पक्षी वर्षभराहून अधिक. शिकारीचा सगळ्यात मोठा घाव पुढच्या पिढीवर पडत होता. २०१०मध्ये हे मांडले गेले आणि शिकार हे घसरणीचे मुख्य कारण असावे असा निष्कर्ष पुढे आला.

त्यावरचा उपाय पोलिसी नव्हता. म्यानमारमध्ये आणि बांगलादेशातल्या सोनादिया बेटावर कार्यकर्ते शिकाऱ्यांच्या घरी गेले. पाखरे पकडून किती मिळते, ते सोडले तर पोट कशावर चालेल, हे त्यांच्याशीच बोलून ठरवले. कोणाला मासेमारीची जाळी, कोणाला जनावरे, कोणाला छोट्या धंद्यासाठी भांडवल मिळाले. पूर्वी जाळे लावणारे काही जण पुढे याच पक्ष्यांचे राखणदार झाले. २०१७ साली मोत्तमाच्या आखाताला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. चिखलावर पक्षी आहे हे कळल्यावरच हे सगळे सुरू होऊ शकले.

पायातली खूण

यानंतरचा टप्पा या साऱ्या कहाणीत सर्वांत शिकण्यासारखा आहे. रशियन आणि ब्रिटिश संस्थांनी मिळून २०१२पासून चुकोत्कातल्या मैनीपिलगिनो या गावाजवळ एक काम हाती घेतले. घरट्यातली अंडी काढून ती उबवायची, पिल्ले उडण्याच्या वयाची होईपर्यंत सांभाळायची आणि मग सोडून द्यायची. अंडी लवकर काढली तर मादी बहुधा पुन्हा अंडी घालते, त्यामुळे जोडीचे नुकसान होत नाही. रानात एका जोडीमागे सरासरी एकापेक्षाही कमी पिल्लू उडण्याच्या वयापर्यंत टिकते. सांभाळलेल्या अंड्यांतून त्याच्या कितीतरी पट पिल्ले उडून गेली.

सोडलेल्या पिल्लांच्या आणि पकडून परत सोडलेल्या मोठ्या पक्ष्यांच्या पायात रंगीत प्लास्टिकची छोटी चपटी खूण बसवली गेली. पक्षीनिरीक्षक तिला फ्लॅग म्हणतात. त्यावर एखादे अक्षर, आकडा किंवा दोन्ही. उत्तम स्कोपमधून दूरवरूनही ते वाचता येते. पूर्वी धातूच्या कड्यावरचा क्रमांक वाचायला पक्षी पुन्हा पकडावा लागे. आता थायलंडच्या मिठागरात बसलेला कोणीही पक्ष्याला हात न लावता सांगू शकतो, की हा पक्षी अमुक उन्हाळ्यात अमुक जागी सोडला होता.

अशा नोंदी चीन, थायलंड, म्यानमार, बांगलादेश इथून येऊ लागल्या आणि एकेका पक्ष्याचे आयुष्य उलगडू लागले. बरेच मोठे पक्षी वर्षानुवर्षे त्याच किनाऱ्यावर, अगदी त्याच मिठागरात परत येतात हे कळले. च्यांग्सूच्या किनाऱ्यावर ते ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत राहून उडण्याची पिसे बदलतात हेही कळले. पिसे बदलत असताना पक्षी दुबळा असतो, त्याला भरपूर अन्न आणि शांत जागा लागते. त्या महिन्यांतच किनाऱ्यावर भराव पडला, तर पक्ष्याला दुसरीकडे जाण्याचे बळही नसते.

न दिसलेल्या खुणेची किंमत

फ्लॅगचा सगळ्यात मोठा उपयोग मात्र वेगळाच आहे, आणि सामान्य निरीक्षकाच्या तो सहसा लक्षात येत नाही. जगात एकूण तुतवार किती, हे मोजायचे कसे? टुंड्रा अफाट, घरटी विखुरलेली, प्रत्येक दरी चालून पाहणे अशक्य.

हरभऱ्याने भरलेले पोते घ्या. त्यातले १०० दाणे काढून रंगवा, परत टाका आणि पोते नीट हलवा. मग मूठभर दाणे काढा. मुठीत दर दहा दाण्यांत एक रंगीत निघाला, तर पोत्यात साधारण हजार दाणे आहेत. एकेक दाणा मोजावा लागत नाही.

२०१४ साली अभ्यासकांनी हाच हिशेब तुतवारांना लावला. चुकोत्कात खूण लावलेले किती पक्षी जिवंत असतील याचा अंदाज हाती होता. शरद ऋतूत च्यांग्सूच्या किनाऱ्यावर खुणेचे किती आणि बिनखुणेचे किती, हे प्रमाण काढले. त्यातून जगात २१० ते २२८ विणीच्या जोड्या असाव्यात असे उत्तर आले. पुढच्या वर्षांत असाच हिशेब पुन्हा करून साधारण ४९० प्रौढ पक्षी असल्याचा अंदाज निघाला. आकडा अजून भीतिदायक आहे, पण घसरणीचा वेग पूर्वीपेक्षा पुष्कळ मंदावला आहे.

या हिशेबात खुणेच्या पक्ष्याइतकीच किंमत बिनखुणेच्या पक्ष्याला आहे. माणसाचा स्वभाव असा, की फ्लॅग दिसला की तो आनंदाने सगळ्यांना सांगतो आणि फ्लॅग नसलेले पक्षी लिहायचे राहून जातात. तसे झाले की मुठीत रंगीत दाणे जास्त दिसतात आणि एकूण संख्या खऱ्यापेक्षा कमी निघते. म्हणून शिस्त अशी, की ज्या पक्ष्याचे दोन्ही पाय नीट दिसले तोच हिशेबात धरायचा. खूण नसेल तर ‘खूण नाही’ असे लिहायचे. पाय दिसलेच नाहीत तर ‘पाय दिसले नाहीत’ असे लिहायचे. ‘नाही’ आणि ‘दिसले नाही’ यांतला फरक जपणारी वही हीच विज्ञानाच्या कामाची वही.

सगळ्याच पक्षीनोंदींना हे लागू पडते. तळ्यावर दोन तास बसलात आणि नेहमीचा पक्षी दिसला नाही, तर ते दोन तास वाया गेले नाहीत. किती वेळ पाहिले, किती जण होते, कोणकोणते पक्षी दिसले याची पूर्ण यादी असेल, तर त्या यादीत नसलेला पक्षीही काही सांगत असतो. फक्त दुर्मीळ पक्ष्यांचीच नोंद करणाऱ्याच्या वहीतून पक्षी घटले की वाढले हे कधीच कळत नाही.

उशिरा झालेली नोंद

एवढा खटाटोप कशासाठी, हे समजायला दुसऱ्या एका पाणपक्ष्याकडे पाहावे. बारीक चोचीचा कोरल पश्चिम सैबेरिया आणि कझाकस्तानच्या बाजूने येऊन मोरोक्को, ट्युनिशिया, इटली, ग्रीस अशा भूमध्य समुद्राभोवतीच्या पाणथळीत हिवाळा काढत असे. त्याची घरटी आजवर फक्त सैबेरियात तारा या गावाजवळ, व्हॅलेंटिन उशाकोव्ह या निरीक्षकाला १९०९ ते १९२५ या काळात सापडली. पुढे कोणालाही एकही घरटे मिळाले नाही.

शिकार होत राहिली, दलदली कोरड्या केल्या गेल्या. गवताळ रान शेतीखाली गेले. वेगवेगळ्या देशांतल्या निरीक्षकांना अधूनमधून एक-दोन पक्षी दिसत. थवेच्या थवे असलेल्या इतर कोरलांमध्ये हा सहज मिसळून जाई, त्यामुळे तो नाहीसा होत चालल्याचे लवकर कोणाच्या ध्यानात आले नाही. शेवटी मोरोक्कोतल्या मर्जा झर्गा या खाजणात काही मोजके पक्षी दरवर्षी येत असल्याचे कळले. हिवाळ्यागणिक तेही घटत गेले. देशादेशांनी मिळून या पक्ष्याच्या रक्षणाचा करार केला तो सप्टेंबर १९९४मध्ये. त्याची शेवटची निर्विवाद नोंद २५ फेब्रुवारी १९९५ची आहे. करार आणि शेवटचे दर्शन यांत सहा महिन्यांचेही अंतर नाही.

त्यानंतर शोधमोहिमा झाल्या. संग्रहालयांतल्या जुन्या पिसांतल्या रासायनिक खुणा तपासल्या, तेव्हा त्याची विणीची भूमी बहुधा उत्तर कझाकस्तानातली गवताळ राने असावीत असे दिसले. शोध बहुतेक त्याच्या उत्तरेला घेतला गेला होता. ऑक्टोबर २०२५मध्ये आययूसीएनने ही जात नामशेष झाल्याचे जाहीर केले. पश्चिम आशिया, युरोप आणि उत्तर आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरून पूर्ण नाहीसा झालेला हा आधुनिक काळातला पहिलाच पक्षी. त्याला पाहणारे डोळे होते, पण ते वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या वह्यांत विखुरलेले होते. ते एकत्र आले तेव्हा वाचवण्यासारखे काही उरले नव्हते.

नोंद खरी कशी ठरते

याच कोरलाने नोंदींच्या तपासणीबद्दलही एक धडा दिला. मे १९९८मध्ये इंग्लंडच्या नॉर्थम्बरलँडमध्ये ड्रुरिज बे इथे असा एक पक्षी दिसल्याचे जाहीर झाले. अनेकांनी तो पाहिला, छायाचित्रे निघाली. तज्ज्ञांच्या समितीने अभ्यास करून ती नोंद मान्य केली. काही वर्षांनी पुन्हा तपासणी झाली. ओळख नि:संशय पटत नाही असे ठरले आणि ब्रिटनच्या अधिकृत यादीतून ती नोंद काढण्यात आली.

यात त्या निरीक्षकांची मुळीच नाचक्की नाही. छायाचित्रे आणि वर्णने जपून ठेवली होती, म्हणूनच पुन्हा तपासता आली. दुर्मीळ पक्ष्याबाबत चुकीची नोंद फार महाग पडते. पक्षी अजून आहे असे समजून लोक गाफील राहतात, किंवा भलत्या जागी शोधत बसतात. म्हणून आपल्या नोंदीवर कोणी प्रश्न विचारला तर तो अपमान मानू नये. ‘चोच कशी होती, उजेड कुठून होता, सोबत कोणते पक्षी होते’ हे विचारणारा माणूस आपल्या नोंदीला बळकट करत असतो.

सांगावे किती, राखावे किती

दुर्मीळ पक्षी दिसला की नेमकी जागा सगळ्यांना कळवण्याचा मोह होतो. इथे थांबून विचार केला पाहिजे. हिवाळ्यात थायलंडमध्ये पाक थाले इथल्या मिठागरांत मोजके तुतवार येतात. तिथे देशोदेशींचे निरीक्षक येऊन बांधावरून, अंतर राखून ते पाहतात. या लोकांच्या येण्यामुळे जागेचे मोल गावालाही कळले, आणि थायलंडच्या पक्षीसंस्थेने सुमारे ८ हेक्टर मिठागर विकत घेऊन राखून ठेवले. उघडपणे सांगितल्यामुळे इथे भलेच झाले.

घरट्याची गोष्ट वेगळी. अंडी-पिल्लांवर असलेल्या पक्ष्याची जागा जाहीर केली की छायाचित्रकारांची गर्दी होते, पक्षी घरटे सोडतो, आणि मागोमाग कावळे, कुत्री येतात. शिकारीचा धोका असेल तिथे तर जागा सांगणे म्हणजे जाळ्याला वाट दाखवणे. म्हणूनच ईबर्डसारख्या नोंदसंग्रहात काही संवेदनशील जातींच्या नोंदींची नेमकी जागा सर्वांना दाखवली जात नाही. नोंद मात्र संग्रहात राहते आणि अभ्यासकांना उपयोगी पडते. यातला नियम सरळ आहे: नोंद लपवू नये, घरटे लपवावे. मुक्कामाची जागा राखता येत असेल तर ती सांगावी. धोका वाढत असेल तर नोंद वनखात्याला आणि जबाबदार संस्थेला द्यावी आणि इतरांना नंतर सांगावी.

मुक्कामी थव्याच्या बाबतीतही अंतर महत्त्वाचे. भरतीच्या वेळी दाटीने बसलेला थवा आपण जवळ गेल्याने उडाला, की खाऊन जमवलेली चरबी त्या उडण्यात खर्च होते. दिवसातून दहा वेळा उडवले तर त्याला पुढच्या प्रवासाची तयारीच करता येत नाही. चीनमध्ये त्याओझनी इथे ७२० मू, म्हणजे ४८ हेक्टर जागा खास याच कारणासाठी भरतीच्या वेळच्या विश्रांतीला राखून ठेवली आहे. पीत समुद्राकाठच्या अशा किनाऱ्यांना २०१९ साली जागतिक वारसा दर्जा मिळाला, त्याआधी २०१८च्या जानेवारीत चीनने व्यापारी कारणांसाठी समुद्रात भराव घालण्यावर बंदी जाहीर केली होती. रुदोंगपासून सुरू झालेल्या मोजण्यांचा या निर्णयांमागच्या पुराव्यात वाटा आहे.

आपल्या पाणथळी

चमचचोच तुतवार महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर येत नाही. पण आपल्याकडे येणारे टिलवे, तुतवार, पाणटिवळे, कोरल हे त्याचे भाऊबंद असेच हजारो किलोमीटर उडून येतात आणि त्यांचे दुखणेही तेच आहे. ठाण्याची खाडी, उरणची खाजणे, नांदूर मध्यमेश्वर, भिगवण, जायकवाडी हे त्यांच्या वाटेवरचे टप्पे आहेत. नांदूर मध्यमेश्वरला २०१९ साली आणि ठाणे खाडीला २०२२ साली रामसर दर्जा मिळाला. इतर असंख्य तळ्यांना, खाजणांना आणि मिठागरांना असा कोणताच दर्जा नाही. त्यांच्या बाजूने बोलायला निरीक्षकांच्या नोंदी सोडून दुसरे काहीच नाही.

नोंदींची ताकद भारतातही दिसली आहे. २०२३च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालात ३० हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या सुमारे ३ कोटी नोंदींवरून ९४२ जातींची स्थिती तपासली गेली. ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल काढता आला, त्यांतल्या ६० टक्के घटत असल्याचे आढळले. एवढी माहिती एका संस्थेने जमवायची म्हटली असती तर कित्येक पिढ्या गेल्या असत्या.

म्हणून वाचकांना एक विनंती. आपल्या गावाजवळचे एक पाणथळ निवडा आणि तिथे नियमाने जा. दरवर्षी जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. १९८७पासून चालत आलेल्या या गणनेला भारतात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचा आधार आहे. त्यात भाग घ्या. ५ ते १२ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिनांना जोडणारा पक्षिसप्ताह महाराष्ट्रात साजरा होतो. त्या आठवड्यात मुलांना सोबत न्या. पायात फ्लॅग असलेला पक्षी दिसला तर रंग, कोणता पाय, गुडघ्याच्या वर की खाली, अक्षरे-आकडे, तारीख, वेळ, जागा हे सगळे लिहा आणि सोसायटीला कळवा. खूण नसलेले पक्षीही मोजा. काही दिसले नाही तर तसेही लिहा. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेला फोटो दोन दिवसांत वाहून जातो. संग्रहात घातलेली नोंद पन्नास वर्षांनंतरही कामी येते.

मर्जा झर्गाचा कोरल गेला, कारण त्याच्या साक्षीदारांना एकत्र यायला उशीर झाला. चमचचोच तुतवार अजून आहे, कारण त्याचे साक्षीदार वेळेवर एकमेकांशी बोलले. आपल्या तळ्यावरच्या पक्ष्यांचे साक्षीदार आपणच आहोत. वही काढा आणि आजपासूनच लिहायला लागा.